बाहेरचा आशय आपल्या पानावर बसवताना

प्रश्न (अंबाजोगाई) : शाळेच्या संकेतस्थळावर एका सरकारी पोर्टलचे पान आयफ्रेममध्ये (दुसऱ्या संकेतस्थळाचे पान आपल्या पानात दाखवणाऱ्या चौकटीत) बसवले, पण तिथे कोरी चौकट दिसते. काय चुकले?

उत्तर : बहुधा तुमचे काहीच चुकलेले नाही. आपले पान दुसऱ्याच्या चौकटीत उघडू द्यायचे की नाही, हे त्या पानाचा सर्व्हर ठरवतो आणि ‘एक्स-फ्रेम-ऑप्शन्स’ किंवा ‘फ्रेम-ॲन्सेस्टर्स’ या सूचनेने ब्राउझरला कळवतो. ही काळजी रास्तच आहे, कारण खरे पान पारदर्शक करून खोट्या बटणावर अंथरले, तर वापरणाऱ्याला न कळता त्याचा क्लिक भलत्याच ठिकाणी पडतो. एफ१२ दाबून कन्सोल (ब्राउझरच्या चुका व सूचना दाखवणारी खिडकी) उघडा; नकाराचे कारण तिथे लिहिलेले असते. पत्ता ‘एचटीटीपी’चा आणि तुमचे संकेतस्थळ ‘एचटीटीपीएस’चे, म्हणजे सुरक्षित जोडणीचे असेल, तरीही ब्राउझर चौकट अडवतो. पोर्टलचाच नकार असेल, तर पळवाट न शोधता साधी लिंक द्यावी.

प्रश्न (वेरूळ) : आमच्या निवासाच्या पानावर गुगलचा नकाशा आणि यूट्यूबच्या चार चित्रफिती आहेत. मोबाइलवर पान फार सावकाश उघडते.

उत्तर : प्रत्येक आयफ्रेम म्हणजे पानाच्या पोटात उघडलेले आणखी एक पूर्ण पान, तुमच्याकडे अशी पाच आहेत. प्रत्येकीला ‘लोडिंग’ हा गुणधर्म देऊन त्याची किंमत ‘लेझी’ ठेवा, म्हणजे वाचक स्क्रोल करत जवळ येईपर्यंत ती चौकट मागवली जाणार नाही. यूट्यूबच्या कोडमधील ५६० बाय ३१५ हे ठरीव माप मोबाइलवर पडद्याबाहेर जाते, म्हणून सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) रुंदी १०० टक्के, उंची ‘ऑटो’ आणि ‘ॲस्पेक्ट-रेशो’, म्हणजे रुंदी-उंचीचे प्रमाण, १६/९ करावा. नकाशाखाली लेण्यांकडून तुमच्यापर्यंत येणारा रस्ता दोन ओळींत अवश्य लिहा. रेंज नसलेल्या प्रवाशाला त्या ओळीच उपयोगी पडतात. चौकटीला ‘टायटल’ही द्या, कारण दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो.

प्रश्न (लातूर) : बियाण्यांच्या दुकानाच्या पानावर हवामानाचे विजेट (माहिती दाखवणारा छोटा तयार भाग) हवे आहे. ते पुरवणाऱ्यांनी स्क्रिप्टची (पानात चालणाऱ्या प्रोग्रामची) एक ओळ दिली आहे. चिकटवावी का?

उत्तर : शक्यतो नको. परक्या डोमेनची (संकेतस्थळाच्या पत्त्याची) आयफ्रेम तुमच्या पानातले काही वाचू शकत नाही; स्क्रिप्ट मात्र तुमच्याच पानाच्या अधिकाराने चालते आणि मागणीच्या फॉर्ममध्ये शेतकऱ्याने टाकलेला मोबाइल क्रमांकही वाचू शकते. त्यांच्याकडे आयफ्रेमचा कोड मागा, त्याला ‘सँडबॉक्स’ हा चौकटीचे अधिकार रोखणारा गुणधर्म लावा आणि विजेट चालण्यापुरतीच परवानगी द्या. स्क्रिप्टशिवाय ते मिळतच नसेल, तर हवामानाचे पान वेगळे करावे. फॉर्म असलेल्या पानावर ती ओळ येऊ देऊ नये.