नावामागे धावू नका, सर्व्हे नंबर धरा

प्रश्न : माझ्या आजोबांचे वडील शेतकरी होते, एवढंच आम्हाला माहीत आहे. आजोबा रांगत होते तेव्हाच ते 'तापाच्या साथीत' गेले म्हणतात. साल 1918 असावं, असा वडिलांचा अंदाज. फोटो नाही, पत्र नाही. पणजीचं नावसुद्धा घरात दोघं दोन तऱ्हेनं सांगतात. तहसील कचेरीत माहितीसाठी अर्ज दिला, तो 'अशी माहिती उपलब्ध नाही' म्हणून परत आला. इतक्या साध्या माणसाचं कुठं काही लिहून ठेवलेलं असेल का? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, असेल. अर्ज परत आला यात मात्र नवल नाही. माझी सारी नोकरी अभिलेख कक्षात गेली. 'माझ्या पणजोबांची माहिती मिळावी' असा अर्ज टेबलावर आला की कारकुनानं करायचं काय? रुमालात बांधलेली दप्तरं गावावर आणि नमुन्यावर लावलेली असतात, माणसांच्या नावावर नाहीत. तेव्हा अर्ज असा लिहा : 'मौजे अमुक, गाव नमुना 14, सन 1918 व 1919, नक्कल मिळावी.' बाकी जिव्हाळा घरी ठेवा.

नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूची वही, जिला सगळे कोतवाल बुक म्हणतात. ती साथ इन्फ्लुएंझाची. तिनं मुंबईत सप्टेंबरपासून जोर धरला आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत ती खेडोपाडी पोचली. म्हणून सप्टेंबर ते डिसेंबर ही पानं आधी पाहा. एरवी लहान गावात पानभर नोंदी व्हायला कितीतरी दिवस लागतात. त्या हंगामात ओळीला ओळ चिकटलेली दिसते. कारणाच्या रकान्यात 'इन्फ्लुएंझा' शोधत बसू नका. गावपातळीवर तो शब्द क्वचितच आला, तिथे 'ताप' आहे. एका वहीत वर एकदा 'ताप' लिहून खाली पान संपेपर्यंत नुसतं 'कित्ता, कित्ता, कित्ता' लिहिलेलं मी पाहिलंय. शाई तीच, हात तोच, अक्षर मात्र खाली खाली बिघडत गेलेलं.

त्याच वहीत मागे जाऊन आजोबांचा जन्म पाहा. बाळाचं नाव तिथे बहुधा नसतं, 'अमुकास मुलगा' एवढंच असतं. म्हणजे नोंद मुलाची, नाव बापाचं. साध्या माणसाचा शोध असाच लागतो. स्वतःच्या नोंदीत तो एकदा मरताना भेटतो, बाकी सगळा दुसऱ्यांच्या नोंदींत सापडतो.

आता खरी मेख. जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतंच. 'बाळा वलद राणू', म्हणजे राणूचा मुलगा बाळा, असे एका गावात तीन निघतात आणि तिघंही तुमचे पणजोबा वाटायला लागतात. म्हणून नाव धरू नका, जमीन धरा. आज जो सातबारा तुमच्या घरात आहे तो घ्या. त्यावर फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, नंबर असतात. एकेक फेरफार काढत मागे जा. गट नंबर असेल तर एकत्रीकरणाआधी, म्हणजे तुकडे जोडून गट पाडण्याआधी, तो कोणता सर्व्हे नंबर (मोजणीतला जुना क्रमांक) होता, हे भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्यावरून कळेल. बरेच जुने सातबारे आणि फेरफार आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत, पण तुमच्या तालुक्याचे तिथे नसले तर कचेरी चुकत नाही.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा. त्यामुळे 1918 नंतरचा वारस फेरफार मिळायची आशा चांगली आहे, आणि तुमच्या घराण्याचा सगळ्यात मोलाचा कागद तोच ठरेल. मुलगा अज्ञान, म्हणजे वयानं लहान, म्हणून नोंद साधारण अशी दिसेल : मयताचं नाव, वारस मुलगा, पुढे 'अ.पा.क.' आणि त्यापुढे आईचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाईच्या नावापुढे 'कोम' असेल तर नंतर येतं ते नवऱ्याचं नाव. घरातले दोघं ज्या नावावरून भांडतात, त्याचा निकाल या ओळीत लागेल. तिच्याऐवजी चुलत्याचं नाव 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागलेलं दिसलं, तर पणजीनं एकटीनं जमीन राखली अशी कथा घरात सांगत असतील, ती जरा तपासून घ्या. असं पुष्कळ निघतं.

मग शाळा. आजोबांच्या पहिल्या शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे मुलं शाळेत आली-गेली त्याची वही, मागा. शाळा गावातच असेल असं समजू नका. तरुण विधवा मूल घेऊन माहेरी गेली असेल तर नाव मामाच्या गावच्या शाळेत असतं. तसं निघालं तर जन्मठिकाणाचा रकाना वाचाच, शिवाय तुम्हाला पणजीचं माहेर फुकटात मिळालं. जन्मतारीख 1 जून दिसली तर हसून सोडून द्या. ती मास्तरांनी प्रवेशाच्या सोयीनं दिलेली असते; कोतवाल बुकाशी फरक पडला तर कोतवाल बुक खरं मानावं.

गाव कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून हे सगळं मुंबई इलाखा धरून सांगितलं. मराठवाड्यातलं असेल तर तिथे तेव्हा निजामाचं राज्य. कागद उर्दूत असतील आणि साल फसली, म्हणजे महसुलाच्या कामात वापरायचं. फसली सालात 590 मिळवा, साधारण इसवी सन येतं. शक साल असेल तर 78 मिळवा.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागदांचा जुडगा निघाला. फाटतोय म्हणून लॅमिनेट करून घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. लॅमिनेशन परत निघत नाही आणि आत कागद कुजतो तो कुजतोच. सेलोटेपही नको. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, मागच्या बाजूचे विसरू नका. तारीख आणि साक्षीदार कधी कधी तिथेच असतात. वाचायला मोडी जाणणारा माणूस गाठा. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तिथे शिकलेले लोक सापडतात. त्यांना फोटो दाखवा, मूळ कागद हातचा सोडू नका.