बाळाशी बोलताना: पुस्तक आणि डायपर

प्रश्न: मुलगी पाच महिन्यांची आहे. पुस्तक उघडलं की ते ओढून तोंडात घालते, नाहीतर दोन पानांतच मान फिरवते. काही कळत नसताना तिला वाचून दाखवण्यात अर्थ आहे का?

उत्तर: आहे, आणि भरपूर आहे. गोष्ट तिला कळत नाही, पण तुमचा आवाज, त्याचे चढउतार आणि हलणारे ओठ ती टिपत असते. या वयात वस्तू ओळखायचं मोठं साधन तोंडच, त्यामुळे चावण्यावरून ओरडू नका. दोन पुस्तकं घ्या: एक जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं तिच्या हातात, दुसरं तुमच्या हातात. सुटे होणारे तुकडे असलेलं पुस्तक नको.

मांडीवर पाठमोरं बसवलं की तिला तुमचा चेहरा दिसत नाही. पाठ टेकून बसा, गुडघे वर घ्या, तिला मांड्यांवर तुमच्याकडे तोंड करून रेलवा आणि पुस्तक आपल्या गालाशेजारी धरा. एक चित्र, एक ओळ. मग मनात पाचपर्यंत आकडे मोजत गप्प राहा. बाळाला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो. आपण तेवढ्यात पान उलटून मोकळे होतो आणि तिचा हुंकार वाया जातो. तिने पाय झाडले, आवाज काढला, तर त्याला उत्तर द्या आणि मगच पुढे जा.

मान फिरवणं म्हणजे ‘जरा थांबा’. नजर परत आली तर वाचा. जांभया सुरू झाल्या किंवा पाठ ताणून ती मागे जाऊ लागली, तर पुस्तक मिटा. तीन-चार मिनिटं झाली तरी पुष्कळ. वेळ मात्र पोट भरलेलं आणि झोप झालेली असतानाची निवडा. तेच पुस्तक रोज चालेल. मोठ्यांना कंटाळा येतो, बाळांना नाही.

प्रश्न: मुलगा आठ महिन्यांचा आहे. डायपर बदलताना पालथा होऊन पळतो. एकाने हात धरायचे, दुसऱ्याने बदलायचं, असं चाललंय. रोज रडारड होते.

उत्तर: ते धरून ठेवणं आधी बंद करू या. डॉक्टर एमी पिक्लर यांनी १९४६ मध्ये बुडापेस्टला काढलेल्या बालगृहात आंघोळ घालताना, कपडे बदलताना, भरवताना बाळाला आधी सांगायचं आणि त्याच्यासाठी थांबायचं, असा शिरस्ता होता. तो घरातही पाळता येतो.

स्वच्छ डायपर उघडून, ओला कापूस आणि कपडे हाताशी ठेवूनच बाळाकडे जा. निम्मी घाई मध्येच काहीतरी शोधावं लागतं म्हणून होते. खेळत असेल तर मागून उचलू नका. समोर बसा, ‘डायपर बदलायची वेळ झाली, उचलते हं’ म्हणा, हात पुढे करा आणि थांबा. रोज असंच केलंत तर काही आठवड्यांत तो स्वतः तुमच्याकडे झुकू लागेल. ‘बदलू का?’ असं मात्र विचारू नका. नकार चालणार नसेल, तर प्रश्न विचारणं त्याची फसवणूक आहे.

हात चोळून गरम करा. ‘आता बूड उचलते’ म्हणा, मांडीला हात लावा, मग कमरेखाली तळवा घालून उचला. दोन्ही घोटे धरून पाय वर खेचू नका. पालथा झाला तर तसाच राहू द्या, मागचं पुसणं पालथ्यावरही होतं. आधार धरून उभा राहत असेल, तर चड्डीसारखा डायपर उभ्यानेच घाला. जागा मात्र जमिनीवरची सतरंजीच हवी. या वयात नजर हटली की उंच टेबलावरून पडायला क्षण पुरतो.

मोबाइल हातात देऊन गप्प करू नका. स्वतःच्या अंगाशी काय चाललंय, याकडे त्याचं लक्षच राहत नाही. त्यापेक्षा स्वच्छ डायपर धरायला द्या. रडलाच तर ‘खेळ सोडावा लागला, राग आला ना?’ एवढं म्हणा आणि हात सावकाश चालू ठेवा. पाय उचलल्यावरच नेमका कळवळत असेल किंवा डायपरखालची लाली दोन-तीन दिवसांत उतरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: रेकॉर्ड केलेल्या गोष्टी लावल्या तर चालेल का?

उत्तर: वाचनाऐवजी नको. बाळाने हुंकार दिला, तरी रेकॉर्डिंग थांबत नाही.