काइनेसिनला (पेशीत ओझे वाहणाऱ्या मोटर प्रथिनाला) जीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन जोडले, तरी जिवंत पेशीत नुसती धूसर चमक दिसते. कोणता फ्लुरोसंट प्रोब (चमकणारी खूण) वापरावा?

प्रोब बदलण्याआधी टॅग कशाला लावलाय ते बदला. पेशीतली बहुतेक काइनेसिन-१ कामावर नसतात. ती स्वतःवरच दुमडून, सूक्ष्मनलिका (ज्या रुळांवरून ती चालतात) सोडून पेशीद्रवात तरंगत असतात. नाक्यावर बसून असलेले हमाल आणि ओझे घेऊन निघालेला हमाल, तुमची जीएफपी दोघांनाही सारखीच उजळते. म्हणून दिवा ओझ्यावर लावा.

लायसोसोम (पेशीतल्या पचनाच्या पिशव्या) पाहायचे तर लॅम्प-१ या प्रथिनाला टॅग लावा, चेतापेशीतल्या साइनॅप्टिक पुटिका (संदेशद्रव्याच्या इवल्या पिशव्या) पाहायच्या तर रॅब-३ ला. एकाच पुटिकेवर अशी बरीच प्रथिने असतात, त्यामुळे ठिपका ठळक येतो. अ‍ॅक्सॉन (चेतापेशीचा लांब तंतू) निवडलात तर फारच सोपे. काइनेसिन सूक्ष्मनलिकेच्या धन टोकाकडे चालते, डायनीन ही दुसरी मोटर उलट दिशेला. तिथे सूक्ष्मनलिकांची धन टोके बाहेरच्या बाजूला असतात, म्हणजे टोकाकडे जाणारा ठिपका काइनेसिनने ओढलेला आणि पेशीकायेकडे परतणारा डायनीनने. कायमोग्राफवर (ठिपक्याची जागा वेळेनुसार दाखवणाऱ्या चित्रावर) हे सरळ वाचता येते. सस्तन प्राण्यांच्या डेंड्राइटमध्ये (चेतापेशीच्या दुसऱ्या, संदेश घेणाऱ्या फांद्यांमध्ये) मात्र असे गृहीत धरू नका, तिथे दोन्ही दिशा मिसळलेल्या असतात. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) संध्या कौशिका यांचा गट ही वाहतूक सी. एलेगन्स या पारदर्शक कृमीत, जिवंत प्राण्यातच पाहतो. त्यांचे शोधनिबंध जरूर वाचा.

लायसोसोम रंगवणारा लायसोट्रॅकर, मायटोकॉन्ड्रिया रंगवणारा मायटोट्रॅकर हे तयार रंग पहिल्या चाचणीला उत्तम. पण लायसोट्रॅकर फार वेळ ठेवला की लायसोसोमची आम्लताच कमी होते.

एकेकटी मोटरच पाहायची असेल, तर हॅलोटॅग (मोटरला जोडायचा, रंग पकडून ठेवणारा टॅग) आणि जेएफ६४६ हा रंग घ्या. हा रंग पेशीत सहज शिरतो आणि लाल प्रकाशाने पेशीला इजा कमी होते. रंग अगदी थोडा द्या, म्हणजे मोजकेच रेणू चमकतील. २०१४ मध्ये आलेला सनटॅग हाही चांगला मार्ग आहे: एका प्रथिनावर २४ पर्यंत जीएफपी बसतात. क्वांटम डॉट (चमकणारे नॅनोकण) खूप तेजस्वी असतात, तरी मी ते सुचवणार नाही. बाहेरून दिलेले डॉट बहुधा एन्डोसोममध्येच (पेशी बाहेरचे पदार्थ आत घेते त्या पिशव्यांमध्ये) अडकतात.

काइनेसिनचे ८ नॅनोमीटरचे पाऊल साध्या सूक्ष्मदर्शकात दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. जिवंत पेशीत ते २०२३ मध्ये मिनफ्लक्स या अतिसूक्ष्म अचूकतेच्या सूक्ष्मदर्शक तंत्राने टिपले गेले.

सोबत सूक्ष्मनलिकाही रंगवणार असाल तर एसआयआर-ट्युब्युलिन जपून वापरा. ते डोसेटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधापासून बनवलेले आहे, जास्त झाले तर सूक्ष्मनलिकांना अनैसर्गिक स्थैर्य देते. त्या रंगाशिवायचा एक कंट्रोल ठेवाच.