रक्त दिले तेव्हा तापाचा कितवा दिवस होता?

नवरात्र जवळ आले की इंदुरात डेंग्यू, टायफॉइड आणि मलेरिया या तिघांचीही धास्ती एकदमच सुरू होते. या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे रक्ताच्या रिपोर्टांबद्दल आहेत. रिपोर्टातले आकडे सगळ्यांनी काळजीपूर्वक उतरवून पाठवले आहेत, पण ताप कधी सुरू झाला ते फारच थोड्यांनी लिहिले आहे. पुढची उत्तरे वाचताना त्या एका तारखेचे मोल लक्षात येईल.

मुलाला (वय ११) दोन दिवस ताप होता. विडाल तपासणीत ‘ओ १:८०, एच १:१६०’ आले आणि टायफॉइडचे औषध सुरू झाले. गेल्या वर्षीही असेच झाले होते. टायफॉइड दरवर्षी होतो का?
– एक गृहिणी, लोकमान्य नगर

तो दरवर्षी होऊ शकतो, पण तुमच्या रिपोर्टावरून तो झाला होता असे म्हणता येत नाही. विडाल तपासणी टायफॉइडचा जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, ती मोजते. फ्रान्समध्ये फर्नांड विडाल यांनी १८९६ साली ती मांडली तेव्हापासून तिचे तत्त्व तेच आहे: मारलेल्या जंतूंच्या गढूळ द्रवात रुग्णाचे सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा पिवळसर द्रव) घातले आणि त्यात प्रतिपिंडे असली, की जंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. ‘ओ’ आणि ‘एच’ म्हणजे जंतूच्या दोन वेगळ्या भागांविरुद्धची प्रतिपिंडे, आणि १:८० म्हणजे सीरम ऐंशी पट पातळ केले तरी गुठळ्या दिसल्या. ही प्रतिपिंडे मोजण्याइतकी वाढायला साधारण आठवडा लागतो. दुसऱ्या दिवशीच्या रक्तात १:८० दिसले, तर ती बहुधा जुनी शिल्लक असते. टायफॉइड जिथे नेहमीचा आहे तिथे धडधाकट माणसांच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडे सापडतात. पूर्वी टायफॉइड होऊन गेला असेल तर मलेरियासारख्या दुसऱ्याच तापातही ती वर येतात.

खात्री हवी असेल तर पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी, करावी, आणि तेही अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. मोठ्या माणसाचे ८ ते १० मिली रक्त घेतात, मुलांचे वयाप्रमाणे कमी. रक्त कमी घेतले की जंतू सापडण्याची शक्यताही कमी होते, म्हणून ‘एवढे रक्त कशाला’ म्हणून अडू नका. विडालच करायची असेल तर ती दोनदा करावी लागते: आज एकदा आणि ७ ते १० दिवसांनी पुन्हा. १:८० चे १:३२० झाले, म्हणजे चौपट वाढ झाली, तर तिला अर्थ आहे. मात्र औषध लवकर सुरू झाले असेल तर ही वाढ दिसेलच असे नाही. सुरू केलेले औषध मनाने थांबवू नका. ताप कितव्या दिवशी होता आणि रक्त कधी घेतले, हे डॉक्टरांना सांगा आणि कल्चरबद्दल विचारा.

आमच्या छोट्या लॅबमध्ये स्लाईडवर दर दुसरे सीरम पॉझिटिव्ह येते. तेच ट्यूबमध्ये लावले की निगेटिव्ह. चूक कुठे होते?
– लॅब टेक्निशियन, परदेशीपुरा

तुम्ही ट्यूब लावून पाहता हेच फार चांगले करता. स्लाईडवर दोन चुका सगळ्यांत जास्त होतात. पहिली वेळेची. एका थेंबाला एक मिनिट द्यायचे, तेवढा वेळ स्लाईड हलकेच डोलवायची आणि लगेच वाचायची. फॅनखाली किंवा मे महिन्याच्या कोरड्या हवेत दोन मिनिटांत थेंबाच्या कडा सुकतात आणि त्या सुकलेल्या कडेवर दाणे दिसू लागतात. ते दाणे म्हणजे गुठळ्या नव्हेत. दुसरी चूक अँटिजेनची, म्हणजे किटमधल्या मारलेल्या जंतूंच्या द्रवाची. बाटली फ्रिजमधून काढून तशीच वापरली तर जंतू तळाशी बसलेले असतात. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग हळू उलटसुलट करून एकजीव करा. अँटिजेन कधी गोठले असेल तर ते टाकून द्या. गोठलेले जंतू आपोआप चिकटतात. रोज सलाईनचा एक थेंब आणि किटमधला पॉझिटिव्ह कंट्रोल (नक्की पॉझिटिव्ह यायलाच हवा असा नमुना) सोबत लावा. सलाईनच्या थेंबात दाणे दिसले तर त्या दिवशीचा एकही रिपोर्ट देऊ नका.

ट्यूबची पद्धत अशी: प्रत्येक अँटिजेनसाठी आठ ट्यूब घ्या. पहिलीत १.९ मिली सलाईन, बाकी सातांत १ मिली. पहिलीत ०.१ मिली सीरम घाला, हे झाले १:२०. नीट मिसळून त्यातले १ मिली दुसरीत, दुसरीतले तिसरीत, असे सातवीपर्यंत न्या आणि सातवीतले १ मिली फेकून द्या. सातवीत १:१२८० होते. आठवीत फक्त सलाईन, तो कंट्रोल. मग सगळ्यांत अँटिजेनचा एकेक थेंब (५० मायक्रोलिटर) घालून ३७ अंशांवर १६ ते २० तास ठेवा. पिपेटची टिप प्रत्येक पायरीला बदलायचीच. एकाच टिपेने खाली गेलात तर टिपेच्या बाहेरून चिकटलेले सीरम पुढच्या ट्यूबमध्ये उतरते आणि टायटर, म्हणजे गुठळी दिसणारी शेवटची पातळी, खोटे वाढते.

वाचताना ट्यूब हलवू नका. उजेडासमोर धरून तळ पाहा. ‘ओ’ची गुठळी तळाशी बारीक, खडूच्या भुकटीसारखी पसरते आणि वरचा द्रव स्वच्छ होतो. ‘एच’ची गुठळी पिंजलेल्या कापसासारखी सैल असते आणि जरा हात लागला तरी मोडते, म्हणून रॅक उचलतानाच सांभाळा. पहिल्या दोन ट्यूबमध्ये काही नाही आणि चौथी-पाचवीत मात्र स्पष्ट गुठळी, असे दिसले तर दचकू नका. प्रतिपिंडे अति झाली की सुरुवातीच्या ट्यूबमध्ये गुठळी बनत नाही, याला प्रोझोन म्हणतात. म्हणूनच फक्त १:२० पाहून कुणालाही निगेटिव्ह म्हणू नये.

पत्नीला सातव्या दिवशी डेंग्यूचे कार्ड लावले. एनएस१ निगेटिव्ह, आयजीएम पॉझिटिव्ह आले. एक म्हणतो डेंग्यू आहे, दुसरा म्हणतो नाही.
– ज्येष्ठ वाचक, सुदामा नगर

तुम्ही दिवस लिहिलात, म्हणून नीट उत्तर देता येते. एनएस१ हे विषाणूचेच प्रथिन आहे. ते पहिल्या दिवसापासून रक्तात सापडते, पण पाचव्या दिवसानंतर झपाट्याने कमी होते. आयजीएम प्रतिपिंडे चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात. म्हणून सातव्या दिवशीचा ‘एनएस१ निगेटिव्ह’ डेंग्यू नाही असे सांगत नाही. त्या दिवशी आयजीएमकडेच पाहायचे. पण आयजीएम दोन-तीन महिने रक्तात टिकते, त्यामुळे मागच्या महिन्यातल्या तापाचा शिक्काही आज उमटू शकतो. जपानी मेंदूज्वरासारख्या नात्यातल्या विषाणूंचीही त्यात गल्लत होते. डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असेल तर एनएस१ लवकर जाते, आयजीएम कमी राहते आणि आयजीजी ही दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडे मात्र लवकर व जोरात वाढतात.

कार्ड झटपट आहे, पण ठाम उत्तर नाही. पक्के करायला एलायझा, म्हणजे एन्झाइमने रंग आणून प्रतिपिंडे मोजणारी प्लेटवरची तपासणी, लागते. सरकारी निगराणीच्या रुग्णालयांत ती पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या किटवर होते. निदान कुठल्याही बाजूला गेले तरी पत्नीकडे लक्ष हवे: पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची सुस्ती दिसली तर रिपोर्टची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त जोखमीचे असतात.

एलायझाची पूर्ण प्लेट पिवळी पडली, निगेटिव्ह कंट्रोलसकट. सर म्हणतात धुणे चुकले. पाच वेळा धुतली होती.
– डीएमएलटीची (लॅब टेक्नॉलॉजी पदविकेची) विद्यार्थिनी, रामबाग

किती वेळा धुतली यापेक्षा कशी धुतली ते महत्त्वाचे. प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये (खळग्यात) किमान ३०० मायक्रोलिटर वॉश बफर काठापर्यंत भरले पाहिजे. ते ३० सेकंद थांबू द्या, झटक्यात उपडे करा आणि शेवटी प्लेट टिश्यूच्या घडीवर चांगली आपटा. तळाशी उरलेल्या थेंबात न चिकटलेले एन्झाइम असते आणि ते प्रत्येक वेलमध्ये रंग आणते. वॉश बफरचा कॉन्सन्ट्रेट फ्रिजमध्ये ठेवला की त्यात खडे जमतात. ते ३७ अंशांवर पूर्ण विरघळल्याशिवाय पातळ करू नका, नाहीतर बफर फिकाच बनतो.

धुणे नीट असेल तर टीएमबीची, म्हणजे एन्झाइमने रंग धरणाऱ्या द्रवाची, बाटली पाहा. ते रंगहीन हवे. वापरण्याआधीच निळसर दिसले तर कुणीतरी एन्झाइमची टिप त्यात बुडवली आहे. लागेल तेवढे टीएमबी वेगळ्या स्वच्छ ट्यूबमध्ये काढून घ्यायची सवय लावा. टीएमबी अंधारात ठेवा. स्टॉप सोल्युशन ज्या क्रमाने टीएमबी घातले त्याच क्रमाने आणि त्याच वेगाने घाला, निळ्याचे पिवळे झाले की ४५० नॅनोमीटरवर लगेच वाचा.

उलट प्लेट एकदम कोरी आली, पॉझिटिव्ह कंट्रोलही नाही, तर बफरमध्ये सोडियम अझाइड गेले का ते तपासा. बफर सडू नये म्हणून ते घालतात, पण रंग आणणाऱ्या एचआरपी एन्झाइमला ते निकामी करते. फक्त कडेच्या वेलमध्ये आकडे जास्त आले तर प्लेटवर झाकण-पट्टी लावलेली नव्हती किंवा प्लेट एकावर एक रचल्या होत्या. कंट्रोल किटच्या मर्यादेत नसतील तर ‘बहुतेक बरोबर असेल’ म्हणून रिपोर्ट लिहू नका, पूर्ण प्लेट पुन्हा लावा.

मलेरियाचे औषध पूर्ण झाले, ताप गेला, तरी पंधरा दिवसांनी कार्ड पॉझिटिव्हच!
– राजवाडा

फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीची रेघ बहुतेक कार्डांत त्याच्या एचआरपी२ या प्रथिनावर उमटते. परजीवी मेल्यावरही ते काही आठवडे रक्तात राहते. औषध लागू पडले का हे कार्डाने नव्हे, काचपट्टीवरच्या रक्ताच्या लेपाने ठरते.

भावाला तीन आठवडे खोकला आहे. टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी करून घ्यावी का?
– नारायण बाग

नाही. अशा तपासण्या इतक्या चुकतात की भारत सरकारने २०१२ साली त्यांच्या किटची आयात, निर्मिती, विक्री आणि वापर यांवर बंदी घातली. इग्रा नावाची रक्ततपासणीही शरीरात संसर्ग शिरला आहे का एवढेच सांगते. आज फुप्फुसाचा टीबी आहे का, ते नाही. भावाला सरकारी केंद्रात थुंकी तपासायला घेऊन जा. ती तिथे मोफत होते, आणि सीबीनॅट यंत्र दोनेक तासांत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचे औषध त्यावर चालेल का, दोन्ही सांगते. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेली घट्ट थुंकी डबीत द्यायची. तोंडातली पातळ लाळ दिली तर तपासणी वाया जाते.