सामाईक उपासनेची तयारी करताना

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सलाम.

पत्र मिळालं. येत्या ऐक्य सप्ताहात, म्हणजे ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना करायच्या १८ ते २५ जानेवारीच्या आठवड्यात, शहरातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या तरुणांची एक सामाईक उपासना घ्यायचं तुमच्या मनात आहे, हे वाचून बरं वाटलं. जरूर घ्या. फक्त तुझ्या एका वाक्यापाशी मी अडलो. "सगळे भेद विसरून आपण एक होऊया," असं तू लिहिलंस. अरे, विसरण्याआधी ते माहीत तर हवेत! आपला प्रेस्बिटेरियन पंथ म्हणजे काय, हे तुमच्या तरुण संघात किती जणांना सांगता येईल?

आपल्याकडे हे पंथ आले कसे, ते बघ. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले ते अमेरिकन बोर्ड या मिशन-संस्थेचे मिशनरी म्हणून. नगरला काम करत होतं तेच हे बोर्ड. पुढे त्यांचं बोर्डाशी बिनसलं, काही वर्षं त्यांनी एकट्याने गाडा ओढला आणि १८७० साली कोल्हापूरचं मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. झालं, आपण प्रेस्बिटेरियन, म्हणजे निवडलेल्या वडीलजनांच्या सभेने कारभार चालवणाऱ्या पंथाचे! तुझ्यामाझ्या पणजोबांनी रात्र रात्र जागून वाद घातला आणि मग पंथ निवडला, असं काही घडलेलं नाही. कुठला भाग कुणाकडे, हे मिशनांनी बऱ्याच ठिकाणी आपसांत वाटून घेतलं होतं. ज्या भांडणात आपले पूर्वज नव्हतेच, ते आपण आवेशाने पुढे का चालवायचं?

याच वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथं कोल्हापुरात जन्मला. अमेरिकेत शिकताना, १८८६ च्या माउंट हर्मन शिबिरात, शंभर विद्यार्थ्यांनी मिशनरी होण्याची तयारी दाखवली, त्यामागे हा रॉबर्ट होता. त्या शंभरांतला एक जॉन मॉट. तोच पुढे १९१० च्या एडिंबरो परिषदेचा अध्यक्ष झाला, आणि आजच्या ऐक्य-चळवळीचा आरंभ साधारणपणे त्या परिषदेपासून धरतात. आपल्या गावचा धागा तिथवर जातो, हे तुमच्या मुलांना सांग. हेही सांग, की त्या परिषदेत कॅथलिक नव्हते, ऑर्थोडॉक्स नव्हते, आणि जे होते त्यांनाही व्ही. एस. अझरय्या या भारतीय पाळकाने तोंडावर सुनावलं, की तुम्ही आमच्यासाठी पैसा दिलात, जीवही दिलेत, आता आम्हाला मित्र द्या.

मात्र सगळेच भेद टपालाने आलेले नाहीत. काहींच्या मागे माणसांचा खरा विश्वास आहे, आणि तिथं "काय फरक पडतो?" म्हणणं हा उद्धटपणा होईल. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की माणूस स्वतः विश्वास कबूल करील तेव्हाच, हा प्रश्न लहान नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसे विश्वास कबूल केल्यावरच तो देणारे बॅप्टिस्टही होते. बोलणी कित्येक वर्षं चालली. शेवटी दोन्ही रीती ठेवल्या. कुणी हरलं नाही, कुणाला आपलं सोडावंही लागलं नाही. मला तो तोडगा आजही शहाणपणाचा वाटतो.

पण सह्या झाल्या म्हणजे मनं जुळली, असंही नाही. मेथॉडिस्टांचा मोठा गट ऐन वेळी बाहेर राहिला. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ साली निकाल लागला, की त्या मंडळीचं चर्च ऑफ नॉर्थ इंडियातलं विलीनीकरण कायद्याने झालेलंच नव्हतं. चर्चच्या जमिनींवरून आपली माणसं कोर्टाच्या पायऱ्या कशी झिजवतात, हे तुला वेगळं सांगायला नको.

कॅथलिक मुलांबद्दल तू विचारलंस. १९६४ साली व्हॅटिकन परिषदेने इतर मंडळ्यांतल्या बाप्तिस्मा घेतलेल्यांना प्रभूतले बंधू म्हणून मान्य केलं. ज्या मुद्द्यावरून लूथर आणि रोम यांची फारकत झाली, त्या विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या मुद्द्यावरही ३१ ऑक्टोबर १९९९ ला लुथेरन आणि कॅथलिकांनी मूळ सहमतीवर सह्या केल्या. तरी प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, मेजाशी आपण अजून एक नाही. तुमच्या उपासनेत प्रभुभोजन ठेवलंत, तर कॅथलिक मुलं घेणार नाहीत, आणि त्यांना चारचौघांत अवघडून बसावं लागेल. म्हणून ते ठेवूच नका. आणि तू त्यांच्या मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला गेलास, तर प्रभुभोजन घेणाऱ्यांच्या रांगेत घुसू नकोस. त्यांच्या घरचा नियम आहे, पाळायचा.

आता हॉल भाड्याने घेऊन चालणाऱ्या फेलोशिपचं, म्हणजे त्या स्वतंत्र प्रार्थना-मंडळाचं. त्यांची मुलं म्हणतात, आम्ही कुठल्याच पंथाचे नाही, फक्त ख्रिस्ताचे. बायबलातल्या, पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय काढ. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, आणि चौथा म्हणतो, मी ख्रिस्ताचा. पौल त्यालाही त्याच यादीत बसवतो! हे त्यांच्या तोंडावर फेकायला सांगत नाहीये. उलट प्रार्थनेची त्यांची कळकळ आपल्यातल्या पेंगुळलेल्यांनी घ्यावी अशी आहे. फक्त एवढं आधीच ठरवून घ्या, की या कार्यक्रमातून कुणी दुसऱ्याच्या कळपातली मेंढरं हाकून नेणार नाही.

यापेक्षा अवघड गोष्ट तुझ्या पत्रात नाही, म्हणून मीच काढतो. सोयरीक ठरवताना आपण "पंथ वेगळा पडतो" म्हणतो, तेव्हा पुष्कळदा मनात जात असते. २०१३ च्या ऐक्य सप्ताहाचं साहित्य भारतातल्या ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीने तयार केलं होतं. त्यांनी बायबलातल्या मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय घेतला आणि दलितांवरचा अन्याय जगभरच्या मंडळ्यांपुढे ठेवला. बाहेरच्यांना सांगितलं, ते घरी कधी बोलणार? शाहू महाराजांच्या गावात तरी हा विषय दबक्या आवाजात काढायची पाळी येऊ नये. सामाईक उपासना घेऊन हे मिटणार नाही, पण तुमच्या बैठकीत कुणी काढलं तर "आत्ता नको" म्हणून गप्प करू नकोस.

गाण्यांचं सांगतो, कारण खरी ठिणगी तिथंच पडते. ना. वा. टिळकांची भजनं सगळ्यांना पाठ, पण चाली निराळ्या. तुमच्याकडे पेटीवर, काळी एकमध्ये, कडव्याच्या शेवटी सगळे एक श्वास थांबतात. फेलोशिपची मुलं तेच भजन ड्रमवर दुप्पट लयीत घेतात आणि थांबतच नाहीत. पहिल्या तालमीला तुमचे लोक थांबतील, ते पुढे जातील, आणि तिसऱ्या ओळीपाशी गोंधळ होईल. तेव्हा अर्धं यांच्या चालीत, अर्धं त्यांच्या, असली सरकारी तडजोड करू नका. एक भजन पूर्ण त्यांच्या चालीत शिका, त्यांच्याच हॉलमध्ये जाऊन. एक त्यांना पूर्ण तुमच्या चालीत शिकू दे. पेटीवाल्याला राग येईल. येऊ दे, चहा पाज.

निमंत्रणपत्रिकेवर कुणाचंच नाव नको, पाळकांचं नाही, फादरांचं नाही, प्रमुख पाहुण्यांचंही नाही. जागा, वार, वेळ, बस्स. नावांच्या क्रमावरून फिसकटलेले कार्यक्रम मी पाहिलेत. दान गोळा कराल ते सीपीआर रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या जेवणाला द्या, आणि हिशेबावर दोन वेगळ्या मंडळ्यांतल्या दोघांच्या सह्या घ्या.

आधी पाळकसाहेबांची आणि फादरांची परवानगी काढ. एकटा जाऊ नकोस, दुसऱ्या मंडळीतला एक मुलगा किंवा मुलगी बरोबर ने. सोमवारी मात्र जाऊ नका. रविवारच्या धावपळीनंतर त्यांना तेवढाच निवांत दिवस मिळतो.

तुझा,
सर