बेळगावातली तरुणांची लोकल केबल चॅनेल्स का बंद पडली? आज खानापुरात नवीन काढायला किती खर्च येईल?

खर्चाचं खाली सांगतो. पण "मोबाईल आला, मुलांनी टीव्ही सोडला, म्हणून ती चॅनेल्स बंद पडली असणार" हे तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात, ते मला मान्य नाही. मी कंट्रोल रूमच्या बाजूने हे सगळं पाहिलंय. आमच्याकडची ही चॅनेल्स सेट टॉप बॉक्सने संपवली.

अ‍ॅनालॉगमध्ये (म्हणजे सेट टॉप बॉक्सच्या आधीच्या जुन्या पद्धतीत) टीव्ही-आऊट असलेला संगणक, एक मॉड्युलेटर (चित्र-आवाज केबलच्या फ्रिक्वेन्सीवर चढवणारं यंत्र) आणि कंबाइनरमध्ये (सगळी चॅनेल्स एका तारेत एकत्र करणाऱ्या यंत्रात) एक मोकळी जागा एवढ्यावर चॅनेल उभं राहायचं. तिथून ट्रंक लाईनने, म्हणजे मुख्य तारेने, शहापूर, वडगाव, अनगोळ या बेळगावच्या भागांत. खरी मारामारी असायची ती प्राईम बँडसाठी, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीच्या जागांसाठी. जुन्या टीव्हींना वरचे बँड पकडत नसत, आणि आपल्या पावसात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की आधी वरच्या फ्रिक्वेन्सीचीच चित्रं मुंग्यांनी भरतात. म्हणून खालची जागा मिळवायला सगळे केबलवाल्याच्या मागे लागत. ती मिळाली की रिमोटवर एकच आकडा दाबायचा.

कमाई मुख्यतः पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या जाहिरातींच्या पट्टीवर. फर्माईशीच्या तासाला कॉलेजची मुलं फोन करायची आणि खालून क्लासेस, मोबाईलची दुकानं, वाढदिवसाच्या शुभेच्छा सरकत राहायच्या. या पट्टीचाच एक ठरलेला त्रास होता. नवीन मुलगा ती काळ्यावर शुभ्र पांढऱ्या अक्षरांत करायचा, आणि अक्षरं सरकायला लागली की आवाजात घरघर. लोक म्हणायचे स्पीकर फाटला. स्पीकरला काही झालेलं नसायचं. व्हिडिओची पातळी एक व्होल्टच्या वर गेली की पांढऱ्या भागात चित्राचा कॅरियर (चित्र वाहून नेणारी लहर) जवळजवळ नाहीसा होतो, आणि टीव्हीला आवाज काढायला तोच कॅरियर लागतो. अक्षरं फिकट राखाडी करायची, मॉड्युलेटरचा व्हिडिओ गेन थोडा उतरवायचा, घरघर बंद. आवाजाचा कॅरियरही चित्रापेक्षा 13 ते 15 डेसिबल खाली ठेवावा लागे. नाहीतर लगतच्या वरच्या चॅनेलच्या चित्रात पट्टे नाचायचे आणि केबलवाला तडक फोन करायचा. म्हणजे बिघाड काहीही असो, तो गावातल्या गावात स्क्रू-ड्रायव्हरने सुटत होता.

केबल टीव्ही कायद्याच्या 2011 च्या दुरुस्तीने केबल डिजिटल करणं सक्तीचं झालं. बेळगावसारख्या शहरांसाठी मूळ मुदत 31 डिसेंबर 2015 होती, कोर्टातल्या खटल्यांमुळे ती पुढे 31 जानेवारी 2017 पर्यंत वाढली, आणि खेड्यांसाठी शेवटी 31 मार्च 2017 ठरली. आता चॅनेलला एन्कोडर (चित्र डिजिटल करून दाबणारा), मक्स (अनेक चॅनेल्स एकत्र करणारा), स्क्रॅम्बलर (कुलूप लावणारा) आणि क्वाम मॉड्युलेटर (डिजिटल सिग्नल केबलवर चढवणारा) एवढ्यातून जावं लागतं. 8 मेगाहर्ट्झच्या एका क्वाम-64 कॅरियरमध्ये साधारण 38 एमबीपीएस मावतात, म्हणजे बारा-पंधरा साधी चॅनेल्स. ही यंत्रणा एमएसओच्या, म्हणजे अनेक केबलवाल्यांना सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या, हेडएंडला (मुख्य केंद्रात) असते. गल्लीतला केबलवाला उरला लाईन सांभाळायला आणि वसुलीला, त्याच्या हातात चॅनेल लावणं राहिलंच नाही. एन्कोडरच्या जागेचं भाडं आलं, नंबर तीन आकडी झाला, आणि मधल्या काळात शहरासाठी डिजिटल व खेड्यांसाठी अ‍ॅनालॉग असं दोन्ही चालवावं लागलं. फर्माईशीलाही फटका बसला. डिजिटलमध्ये प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, फोनवरचा मुलगा टीव्हीवर स्वतःचा आवाज उशिरा ऐकून अडखळतो.

जिओ आलं सप्टेंबर 2016 मध्ये. शहराची मूळ मुदत त्याच्या आठ महिने आधीच उलटली होती. तारखा बघा आणि मग मोबाईलला दोष द्या. कुणी याला सीमाप्रश्नाचा रंग देतं, तेही मला पटत नाही. कन्नड लोकल चॅनेललाही तोच एन्कोडर आणि तेच भाडं होतं.

तरी एक मान्य करतो. तरुणांचं चॅनेल व्ही देशभर होतं, पदरी मोठी कंपनी होती, तेही 2018 मध्ये बंद झालं. तेव्हा मोबाईलने प्रेक्षक नेलेच नाहीत असं म्हणता येणार नाही. शिवाय हार्ड डिस्कवरची सिनेमाची गाणी परवान्याशिवाय लावणं कधीतरी अंगाशी येणारच होतं.

आता खर्च. कॅमेरे आणि संगणक हा लहान भाग, मोठा भाग एमएसओला दरमहा द्यायचा. म्हणून कॅमेरा घेण्याआधी त्याच्याकडे जा. 2022 च्या केंद्राच्या नियमांनुसार अशा चॅनेलची नोंदणी एमएसओनेच करायची, चॅनेलमागे 1,000 रुपये भरून, आणि त्याच्या एकूण क्षमतेच्या 5 टक्क्यांवर अशी चॅनेल्स नेता येत नाहीत. तुमचा कार्यक्रम दुसऱ्या एमएसओच्या जाळ्यावर देता येत नाही, त्यामुळे खानापुरात कुणाची जोडणी जास्त आहे ते आधी मोजा. रिमोटवरचा नंबर, एन्कोडर कुणाचा आणि बिघडला तर किती वेळात बदलणार, हे तिन्ही करारात लिहून घ्या. तोंडी शब्दावर नंबर रातोरात बदलतो आणि पट्टीवर जाहिरात देणारे पैसे परत मागायला दारात येतात.

गाण्यांच्या नादी लागू नका. शिवजयंतीचे चित्ररथ, आखाड्यातल्या कुस्त्या, कॉलेजची गॅदरिंग्ज यांचं चित्रीकरण तुमचं स्वतःचं राहतं. फक्त मागे वाजणारं सिनेमाचं गाणं प्रक्षेपणाआधी काढून टाका.