कोळशापासून डिझेल करताना लोखंडाचाच कॅटॅलिस्ट का? कोबाल्ट जास्त चांगला ना?

तुम्ही विचारलंय की कोबाल्ट जास्त टिकतो तरी कोळशाच्या प्लांटमध्ये कॅटॅलिस्ट (रिअॅक्शन जलद करणारा पदार्थ) म्हणून लोखंड का घालतात, आणि आपल्या सोलापूरच्या एनटीपीसीला येतो त्या कोळशाचं डिझेल होईल का. मी इथंच कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, विषय फार आवडीचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोखंड स्वस्त म्हणून घालतात असं बरेच जण सांगतात, स्वस्त आहेच, पण मुख्य कारण कोळशात आहे. कोळशात मुळात हायड्रोजन कमी, त्यामुळं वाफ आणि ऑक्सिजन देऊन त्याचा सिनगॅस (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण) केला की त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर आणि हायड्रोजन बऱ्याचदा त्याच्या बरोबरीचा पण नसतो, आणि हा गॅस कॅटॅलिस्टवरून नेऊन डिझेलची कार्बनची लांब साखळी जुळवायला हायड्रोजन लागतो साधारण दुप्पट. कोबाल्टला हे प्रमाण आधी जुळवूनच गॅस द्यावा लागतो. लोखंड काय करतं, रिअॅक्शनमध्ये जे पाणी तयार होतं तेच परत कार्बन मोनॉक्साइडबरोबर वापरून तिथल्या तिथं हायड्रोजन काढतं, म्हणजे कमी हायड्रोजनवाला गॅस पण चालून जातो. आता यात कार्बन डायऑक्साइड पण निघतो आणि तो थोडाथोडका नसतो, कोळशाच्या तेलावर पर्यावरणवाल्यांचा जो राग आहे तो मला तरी रास्त वाटतो.

फिशर आणि ट्रॉप्श या केमिस्टांनी सिनगॅसचं तेल करायची ही पद्धत १९२० च्या दशकात जर्मनीत म्युलहाइमला काढली, पण महायुद्धातले जर्मन प्लांट कोबाल्टवरच चालले. लोखंड मोठ्या प्रमाणावर चाललं ते दक्षिण आफ्रिकेत, सासोल कंपनीच्या सासोलबर्ग प्लांटमध्ये, १९५५ पासून. तिथं दोन तऱ्हा होत्या, २२०-२५० डिग्रीला चालवलं की मेण आणि डिझेल जास्त, ३२०-३५० ला चालवलं की पेट्रोल आणि हलके गॅस जास्त. दुसऱ्या तऱ्हेचा कॅटॅलिस्ट तर स्टील मिलमध्ये तापल्या लोखंडावरून पापुद्रे पडतात ना, मिल स्केल, ते वितळवून आणि दळून करतात, मला ही गोष्ट भारी वाटते.

अजून एक, आत टाकतात तो आयर्न ऑक्साइड असतो पण खरं काम करतं ते आयर्न कार्बाइड (लोखंड आणि कार्बनचं संयुग), गॅस लागला की ते आतच तयार होतं. पोटॅशियम थोडं घातलं की साखळ्या लांब होतात, तांबं घातलं की ऑक्साइड कमी तापमानाला लवकर बदलतो. पाणी जास्त झालं की कार्बाइडचं परत मॅग्नेटाइट, म्हणजे आयर्न ऑक्साइड होतं आणि काम मंदावतं. आणि गंधक म्हणजे विषच, गॅस नीट धुतला नाही तर कॅटॅलिस्ट कायमचा गेला.

आता एनटीपीसीचं. तिथं दोन ६६० मेगावॅटचे युनिट आहेत, कोळसा जाळून वीज, तेलाचा संबंध नाही. पण भारतीय कोळशाचं डिझेल होऊ शकतं. आपल्या कोळशात राख बऱ्याचदा ३५-४० टक्के, पण ती गॅसिफायरमध्येच (कोळशाचा सिनगॅस करतात त्या भट्टीत) मागं राहते, लोखंडापर्यंत जातच नाही, आणि गंधक बहुतेक खाणीत कमी असतं म्हणजे उलट सोयीचं. खरी अडचण गॅसिफायरची, एवढी राख सांभाळणारा पाहिजे. ओडिशात अंगुलला जिंदालच्या स्टील प्लांटमध्ये देशी कोळशाचा सिनगॅस करून त्यावर स्पंज आयर्न (लोहखनिज न वितळवता काढलेलं सच्छिद्र लोखंड) काढलंय, म्हणजे अर्धी वाट आपल्याकडं चालून झालीय. पुढचा खर्च मात्र कच्च्या तेलाच्या भावावर बसतो की नाही ते बघावं लागतं.